दोन वाफ्यांतला फरक खरा कधी मानायचा?



संशोधन केंद्रावर शिवारफेरीला गेलात की वाफ्यावाफ्यांवर पाट्या लावलेल्या दिसतात. एकीवर नत्र ४० किलो, दुसरीवर नत्र नाही, तिसरीवर एक संरक्षित पाणी. आपण काय करतो? उभ्या पिकावरून नजर फिरवतो, एखादं कणीस हातात घेऊन तोलतो आणि शेजाऱ्याला सांगतो, "हा वाफा सरस आहे." पुढे अहवाल छापून येतो. त्यात सरासरी उत्पन्नाच्या आकड्यांखाली बारीक अक्षरांत एक ओळ असते : सी. डी., पाच टक्के. ती ओळ सहसा कोणी वाचत नाही. नोकरीच्या सुरुवातीला मीही ती नीट वाचली नव्हती, आणि त्याची किंमत एका शेतकऱ्याने मोजली. तो प्रसंग पुढे येईलच. आधी ही ओळ आली कुठून ते पाहू.

इंग्लंडमध्ये लंडनच्या उत्तरेला रोथॅमस्टेड नावाचं शेतीसंशोधन केंद्र आहे. तिथले जमीनमालक जॉन लॉज आणि रसायनशास्त्रज्ञ जोसेफ गिल्बर्ट यांनी १८४३ साली ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात गव्हाचा खतप्रयोग सुरू केला. एका पट्ट्याला शेणखत, एकाला नुसती रासायनिक खतं, एकाला काहीच नाही. तो प्रयोग आजही चालू आहे. पण त्यात एक उणीव होती. प्रत्येक खताला एकच पट्टा. शेणखताचा पट्टा आणि बिनखताचा पट्टा यांत फरक एवढा मोठा, की वाद घालायला जागा नव्हती. मात्र दोन पट्ट्यांत थोडासाच फरक पडला, तर तो खताचा की जमिनीचा, हे त्या मांडणीतून सांगता येत नव्हतं.

जमिनीचा स्वतःचा फरक असतो तरी किती? हे रोथॅमस्टेडच्याच दोघांनी, मर्सर आणि हॉल यांनी, मोजून दाखवलं आणि १९११ साली छापलं. त्यांनी गव्हाचं एक एकर शेत घेतलं. बी एक, खत एक, मशागत एक. कापणीला त्या एकराचे ५०० सारखे तुकडे केले, म्हणजे आपल्या एका गुंठ्यात साडेबारा तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याचं धान्य वेगळं तोललं. सर्वांत कमी निघालं २.७३ पौंड, सर्वांत जास्त ५.१६ पौंड. किलोत सांगायचं तर सव्वा किलोपासून दोन किलो ३४० ग्रॅमपर्यंत. कोणी काही वेगळं केलेलं नव्हतं, तरी एक तुकडा दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट पिकला. आता समजा, त्या दुप्पट तुकड्यावर कोणी नव्या औषधाची पाटी लावली असती तर? गावोगावच्या प्रात्यक्षिक प्लॉटचे फोटो पाहताना हा गहू मला हटकून आठवतो. जुन्या गोठ्याची जागा, विहिरीजवळचा तुकडा, बांधालगतची गाळाची पट्टी, यांनी अनेक वाणांची नावं मोठी केलेली आहेत.

१९१९ साली रोथॅमस्टेडचे संचालक जॉन रसेल यांनी रोनाल्ड फिशर नावाच्या २९ वर्षांच्या गणितज्ञाला नोकरीवर घेतलं. काम काय, तर सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या साठलेल्या नोंदी चाळायच्या. फिशरनी नोंदी चाळल्याच, पण पुढच्या प्रयोगांची मांडणीही बदलायला लावली. प्रत्येक खताला एक नाही, अनेक वाफे द्या. आणि कोणता वाफा कोणाला हे माणसाने ठरवू नका, चिठ्ठ्या टाका. माणूस कितीही प्रामाणिक असला तरी आवडत्या वाणाला नकळत चांगली जागा देतो, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको. शिवाय चिठ्ठ्या टाकल्या की एकाच खताच्या निरनिराळ्या वाफ्यांत जो फरक पडतो, तो जमिनीच्या लहरीचं माप म्हणून धरता येतो. त्या मापावरून सी. डी. निघते. दोन सरासऱ्यांतला फरक सी. डी.पेक्षा मोठा असेल, तर तो उपायाचा मानायचा. लहान असेल, तर तो जमिनीचाही असू शकतो. पाच टक्के म्हणजे काय, तर उपायात काहीच फरक नसताना नुसत्या योगायोगाने एवढा फरक वीसपैकी फार तर एका वेळी पडेल. ही वीसात एकाची रेघ सोयीची म्हणून ओढलेली आहे, हे फिशरनी १९२६ सालीच स्पष्ट लिहिलं होतं.

त्याच वर्षी रसेल यांच्याशी त्यांचा मतभेद छापून आला. रसेल यांचं म्हणणं जुन्या चालीचं होतं : शेताला एका वेळी एकच प्रश्न विचारावा. फिशर म्हणाले, उलट. निसर्गाला विचारपूर्वक तयार केलेली सगळी प्रश्नावली एकदम द्या. सुटा प्रश्न विचारला तर तो पुष्कळदा उत्तर द्यायलाच तयार होत नाही, आधी दुसऱ्या एखाद्या गोष्टीचं काय ते बोला म्हणतो. साहेबाने आपल्याच साहेबाला छापील उत्तर दिलं आणि तरी नोकरी टिकली, याचं मला अजून नवल वाटतं!

एकदम अनेक प्रश्न विचारणाऱ्या या प्रयोगाला बहुघटकी प्रयोग म्हणतात. आता माझी चूक सांगतो.

रब्बी ज्वारीचा एक अहवाल माझ्या हातात होता. नत्र आणि पाणी हे दोन घटक. आकडे नेमके तेच नाहीत, समजायला सोपे घेतो. नत्राशिवाय कोरडवाहू ज्वारी हेक्टरी ८ क्विंटल, ४० किलो नत्र दिल्यावर ९. एक संरक्षित पाणी दिलं तर नत्राशिवाय ११, नत्रासह १८. अहवालात वरच्या बाजूला नत्राची सरासरी होती : नत्राशिवाय साडेनऊ, नत्रासह साडेतेरा. वाढ ४ क्विंटल. मी तेवढंच वाचलं आणि गावसभेत सांगितलं, "ज्वारीला युरिया द्या, हेक्टरी चार क्विंटल वाढतात." एका कोरडवाहू शेतकऱ्याने उसने पैसे घेऊन हेक्टरी दोन गोण्या युरिया टाकला. पाऊस लवकर गेला होता, विहीर नव्हती. खळ्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "साहेब, तुमचे चार क्विंटल कुठं पडले ते दाखवा, मी वेचून आणतो."

ते चार क्विंटल कुठंच नव्हते. पाणी असलेल्याला सात मिळत होते, नसलेल्याला एक. चार हा आकडा दोघांची बेरीज करून निम्मा केलेला होता, प्रत्यक्षात तो कोणाच्याच शेतात पिकत नव्हता. एक घटक दुसऱ्या घटकावर असा अवलंबून असतो, त्याला आंतरक्रिया म्हणतात. आंतरक्रिया असेल तेव्हा वरची सरासरी सोडायची आणि खालच्या चौकटीतले जोडीचे आकडे वाचायचे.

इथे सी. डी.ची गंमत कळते. समजा प्रत्येक जोडीला ४ वाफे होते आणि सगळे वाफे चिठ्ठ्या टाकून वाटलेले होते. चार जोड्या, म्हणजे वाफे १६. नत्राची सरासरी काढताना पाण्याचे आणि बिनपाण्याचे मिळून ८ वाफे हाताशी येतात. म्हणून नत्राच्या सरासरीची सी. डी. लहान असते, आणि चार-चार वाफ्यांच्या जोडीची मोठी. जोडीची २ क्विंटल असेल तर नत्राची सुमारे १.४ निघेल. अहवालात म्हणूनच नत्राची वेगळी, पाण्याची वेगळी आणि दोन्ही मिळून वेगळी, अशा तीन सी. डी. छापतात. नत्राचा ४ क्विंटलचा फरक १.४ च्या वर, म्हणून तो खरा. पण कोरडवाहूतला १ क्विंटल जोडीच्या २ च्या खाली, म्हणजे त्यावर गोणी विकत घ्यावी असा पुरावा त्या प्रयोगात नव्हताच. मी आकडा एका चौकटीचा घेतला आणि सल्ला दुसऱ्या चौकटीतल्या माणसाला दिला.

आणखी एक बारकावा. पाण्यात फरक खरा ठरला आणि कोरडवाहूत ठरला नाही, एवढ्यावरून आंतरक्रिया आहे असं म्हणू नये. दोन वाढींमधला फरक, इथे सातातून एक गेला म्हणजे ६, हाच पुन्हा त्याच्या मापाने तपासावा लागतो. ते माप आणखी मोठं असतं, आपल्या उदाहरणात सुमारे २.८. सहा त्याच्या वर आहे, म्हणून हरकत नाही.

खरं पाहता पाणी लहान लहान वाफ्यांना सुटं देता येत नाही, झिरपून शेजारी जातं. मग पाण्याचे मोठे पट्टे करतात आणि त्यांच्या पोटात नत्राचे लहान वाफे पाडतात. याला विभाजित वाफा पद्धत म्हणतात. इथे खुद्द फिशरही एकदा घसरले होते. १९२३ साली त्यांनी मॅकेन्झी यांच्याबरोबर रोथॅमस्टेडच्या बटाट्याचा प्रयोग सोडवला : १२ जाती, शेणखत आणि पालाश. पालाशाचे भाग मोठ्या वाफ्यांच्या पोटात होते, पण मोठ्या वाफ्यांचं आणि पोटातल्या भागांचं, दोन्हींचं माप त्यांनी एकच धरलं. १९२५ साली त्यांचं संख्याशास्त्राचं प्रसिद्ध पुस्तक आलं, त्यात याच प्रयोगातले आकडे घेऊन त्यांनी दोन मापं वेगळी काढून दाखवली. पुढे रोथॅमस्टेडच्याच फ्रँक येट्स यांनी १९३७ साली बहुघटकी प्रयोगांवर जी पुस्तिका लिहिली, तिच्या वाटेने जगभरची केंद्रं गेली.

वाण जास्त असले की वेगळीच अडचण येते. दहा वाण असतील तर जोड्या होतात ४५. सगळे वाण अगदी सारखे असले तरी वीसात एक या हिशेबाने दोनेक जोड्या खोट्याच वेगळ्या दिसणार, आणि आपली नजर नेमकी पहिल्या आणि शेवटच्या वाणावर जाणार! म्हणून पुढे अमेरिकेत ट्यूकी, डंकन वगैरेंनी निराळ्या कसोट्या काढल्या. डंकन यांची १९५५ ची. आकड्यांपुढे ए, बी, एबी अशी अक्षरं छापतात ती याच धर्तीच्या कसोट्यांची. एक अक्षर सामाईक असलेले दोन वाण वेगळे आहेत असं म्हणता येत नाही. वाणांना हे ठीक. पण नत्राच्या ०, ४०, ८०, १२० अशा चढत्या मात्रांना अक्षरं लावत बसणं मला पटत नाही. तिथं मात्रेबरोबर उत्पन्न कसं चढतं आणि कुठं थबकतं, ती रेषा पाहिली पाहिजे.

आपल्या देशात ही विद्या रुजवणाऱ्यांत दोन मराठी माणसं होती. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि इंदूरच्या संस्थेत कापसावर काम केलेले विनायक गोविंद पानसे. दोघांनी मिळून शेतीतल्या कार्यकर्त्यांसाठी संख्याशास्त्राचं पुस्तक लिहिलं, ते भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ साली छापलं. बी.एस्सी.ला आम्ही त्यातली गणितं घोकली, पण समजली त्या खळ्यावर. पीकविम्यासाठी गावात जो पीक कापणी प्रयोग होतो, त्याची पद्धत बसवण्यातही या दोघांचा मोठा वाटा. प्लॉट अमुकच का निवडला म्हणून आपण वाद घालतो, पण तो कोणी निवडायचा नसतो, आकड्यांच्या चिठ्ठीने निघायचा असतो. तसा निघाला की नाही, हे मात्र जरूर पाहा.

यंदा घरी काही करून पाहायचं असेल, तर अर्धं शेत असं आणि अर्धं तसं करू नका. आठ सारखे पट्टे पाडा, उताराला धरून वरून खाली. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांची एक जोडी धरा आणि प्रत्येक जोडीत नाणं उडवून ठरवा, नवं कशाला आणि जुनं कशाला. बांधाकडच्या दोन ओळी तोलात धरू नका. चारही जोड्यांत नवंच वरचढ निघालं, तरी नुसत्या योगायोगाने तसं सोळात एकदा होतं, तेव्हा पुढच्या हंगामात पुन्हा पेरून पाहा. वजनं जोडीवार लिहून कार्यक्रमाच्या पत्त्यावर पाठवा. पाणी किती दिलं आणि शेताचा उतार कोणत्या बाजूला आहे, तेही लिहा.