भिंतीचा श्वास आणि रंगाचा डबा

१/ उत्तम रंग कोणता, याचे उत्तर आज आपण डब्यावरील किमतीत शोधतो. पुण्याच्या जुन्या पेठांनी ते दीर्घकाळ भिंतीत शोधले. चुन्यापासून प्लास्टिक इमल्शनपर्यंतच्या या प्रवासाविषयी आणि त्यात जुन्या वाड्यांनी मोजलेल्या किमतीविषयी हा थ्रेड.

२/ पेशवाईतल्या वाड्याचे जोते दगडी, सांगाडा सागवानी, भिंती विटांच्या किंवा मातीच्या आणि त्यांवर चुन्याचा गिलावा. जोत्यात ओल अडवणारा थर नसे. जमिनीतील ओलावा भिंतीत चढे आणि गिलाव्यातून वाफ होऊन निघून जाई. भिंत ओलावे, तशीच वाळतही असे.

३/ रंगही त्याच कुळातला. भट्टीत भाजलेल्या चुनखडीचा कळीचा चुना पाण्यात विझवून गाळून घेत. चिकटपणासाठी डिंक किंवा सरस, शुभ्रतेसाठी नीळ, छटेसाठी काव किंवा पिवळी माती. भिंतीवर दिलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी होतो, गिलाव्याशी एकजीव होतो आणि तरीही वाफेला वाट देतो.

४/ दिवाळीपूर्वी घराला चुना देण्याची रीत केवळ सणासाठी नव्हती. पावसाळ्यात ओलावलेली भिंत तोवर वाळलेली असे. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला; तरी दिल्ली दरवाज्याच्या आत गणपती आणि शेषशायी विष्णू यांच्या भित्तिचित्रांचे अवशेष आजही दिसतात.

५/ मग डबा आला. दुसऱ्या महायुद्धात परदेशी रंगांची आवक आटली आणि १९४२ साली मुंबईत चार मित्रांनी एशियन पेंट्सची सुरुवात केली. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी रेखाटलेला, हातात ब्रश घेतलेला खट्याळ गट्टू पुढे घरोघरी ओळखीचा झाला. रंग ही आता निवडून विकत घ्यायची वस्तू झाली.

६/ १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. नदीकाठच्या पेठांतील मातीविटांची असंख्य घरे कोसळली. त्यानंतरच्या पुण्यात सिमेंटच्या इमारती वाढत गेल्या.

७/ सिमेंटच्या भिंतीचे मागणे वेगळे. नव्या गिलाव्यातील अल्कली तेलरंगातील तेलाचा अक्षरशः साबण करते. थर चिकट होऊन सुटतो. म्हणून गिलावा पुरता मुरून वाळू द्यायचा, सैल भाग खरवडायचा, लांबी भरून घासायची, प्रायमरचा हात द्यायचा आणि मगच रंगाचे दोन हात, मध्ये वाळण्यापुरता अवधी ठेवून. जास्त पाणी घालून डबा पुरवला, तर महागडा रंगही झाकत नाही आणि टिकतही नाही.

८/ खरी हानी झाली ती उरलेल्या वाड्यांत. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक रंग चढला. ओलाव्याची वाट बंद झाली. भिंतीला लोणा लागला, पोपडे सुटले, ओल तुळयांच्या टोकांशी पोहोचली. दोष रंगाऱ्याला मिळाला. तोच रंग पुन्हा, आणखी जाड दिला गेला.

९/ जुन्या तेलरंगात आणखी एक धोका असू शकतो : शिसे. घरगुती रंगांत ते दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम २०१६ साली झाला आणि २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे थर कोरडे घासले, तर धूळ रंगारी आणि घरातली मुले यांच्या श्वासात जाते. ओले करून घासावे, तोंडाला मास्क बांधावा, मुलांना दूर ठेवावे.

१०/ उत्तम रंग म्हणजे त्या भिंतीला मानवणारा रंग. सिमेंटच्या फ्लॅटला चांगले इमल्शन शोभते आणि टिकते. वाड्याच्या भिंतीला आजही चुनाच हवा. म्हणून दुकानात छटा निवडण्याआधी अनुभवी रंगाऱ्याला भिंतीपाशी न्यावे आणि ती कशाची आहे, ओल कुठून येते, हे आधी विचारावे. पेठांत वाडे आता थोडेच उरले आहेत. त्यांच्या भिंतींना तरी मोकळा श्वास मिळावा.