गर्भातले हिमोग्लोबिन जाते कुठे?

चोपडा, यावल, शिरपूर या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत शिकवणाऱ्यांना ‘सिकलसेल’ हा शब्द नवा नाही. जळगाव-धुळे भागातील भिल्ल व पावरा समाजांत हा आनुवंशिक आजार आढळतो. हातपाय दुखतात म्हणून वरचेवर शाळा बुडवणारे मूल कामचुकार नव्हे, आजारी असू शकते. या आजाराच्या इतिहासात एक कोडे आहे. ते सोडवताना शरीराच्या वाढीचे एक महत्त्वाचे सूत्र हाती आले.

विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचे वर्णन शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० साली प्रसिद्ध केले. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे १९४९ साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले. पुढे व्हर्नन इंग्रॅम यांना आढळले, की बीटा साखळीतील १४६ अमिनो आम्लांपैकी फक्त सहावे बदललेले असते.

मग आईवडील दोघांकडून सदोष जनुक मिळालेले बाळ पहिले काही महिने ठणठणीत कसे? बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ साली याचे श्रेय गर्भीय हिमोग्लोबिनला दिले. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी असते, म्हणून पेशी विळ्यासारख्या होत नाहीत. जन्मानंतर गॅमा साखळी बनणे जवळजवळ थांबते आणि बीटा साखळी तिची जागा घेते.

पण गॅमाचे जनुक नाहीसे होत नाही. अकराव्या गुणसूत्रावर ते बीटाच्या शेजारीच असते. फक्त वाचले जात नाही. आपला डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती रिळावरच्या दोऱ्यासारखा गुंडाळलेला असतो. काही नियामक प्रथिने ही गुंडाळी घट्ट किंवा सैल करतात, तर काही डीएनएवर मिथिल गटाची खूण करतात. अक्षरे तीच राहतात, वाचन बदलते. यालाच एपिजेनेटिक नियमन म्हणतात.

मिथिलच्या खुणा रोखणारे ॲझासायटिडिन हे औषध १९८२ साली बबून माकडांना आणि नंतर काही रुग्णांना दिले, तेव्हा गर्भीय हिमोग्लोबिन वाढले. मिटलेले जनुक पुन्हा उघडता येते, हे दिसले. पण ते मिटवते कोण? २००८ साली स्टुअर्ट ऑर्किन, विजय शंकरन आणि सहकाऱ्यांनी ‘बीसीएल-११ए’ या प्रथिनाकडे बोट दाखवले. हे प्रथिन गुंडाळी घट्ट करणाऱ्या प्रथिनांना गॅमा जनुकापाशी बोलावून आणते.

मग हे प्रथिनच बंद केले तर? तसे करता येत नाही. मेंदूच्या व प्रतिकार-पेशींच्या वाढीलाही ते लागते. त्याच्या जनुकाची एक प्रत जन्मतःच बिघडलेल्या मुलांत गर्भीय हिमोग्लोबिन टिकून राहते, पण बौद्धिक वाढ खुंटते. एकच नियामक एका अवयवात घडवतो आणि दुसऱ्यात मिटवतो! वाट २०१३ साली सापडली. रक्तपेशींमध्ये हे जनुक चालू ठेवणारा डीएनएचा स्वतंत्र तुकडा आढळला. रुग्णाच्या मूळपेशींतील तेवढाच तुकडा निकामी करणाऱ्या उपचाराला २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली.

त्याचा खर्च कोट्यवधी रुपयांचा आहे. सातपुड्यातील मुलांच्या आवाक्यातले औषध आहे हायड्रॉक्सियुरिया. तेही गर्भीय हिमोग्लोबिन वाढवते आणि वेदनेचे झटके कमी करते, हे १९९५ साली मोठ्या चाचणीत सिद्ध झाले. पण औषध सुरू होण्याआधी निदान व्हावे लागते. देशात १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले असून त्यात रक्ततपासणीवर भर आहे. वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलाला त्या तपासणीपर्यंत पोहोचवणे शिक्षकाला नक्की जमेल.