शृंगार एकांताचा, हास्य मेळ्याचे

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्यरसाची उत्पत्ती शृंगारापासून सांगितली आहे. या वचनाचा शास्त्रार्थ पंडितांनी पुष्कळ केला. परंतु त्यातील साधे मर्म कोणाही संसारी माणसाच्या ध्यानात येण्यासारखे आहे. प्रेमात पडलेला मनुष्य आपल्या अवस्थेकडे फार गांभीर्याने पाहतो आणि त्याचे स्नेही त्याच अवस्थेकडे पाहून हसतात. शृंगाराला एकांत हवा असतो. हास्याला चार माणसे लागतात. म्हणूनच प्रेमाची विनोदी कथा एकट्याने पाहिली तर अर्धीच पाहिल्यासारखी होते. ती मित्रमंडळींनी एकत्र पाहावी, तीवर वाद घालावा आणि घरी जाताना वाटेत पुन्हा हसावे, ही आपल्याकडील फार जुनी चाल आहे. चित्रपट हे तिचे अलीकडचे रूप.

या चालीचा इतिहास आम्ही येथे बऱ्हाणपुराहून पाहू इच्छितो. तापीकाठचे हे शहर फारुकी सुलतानांची राजधानी होते, पुढे मोगलांचे दक्षिणेतील ठाणे झाले आणि १७६० नंतर मराठ्यांच्या अंमलाखाली आले. येथील कित्येक घरांत मराठी बोलतात, बाजारात हिंदी आणि निमाडी चालते, विणकरांच्या मोहल्ल्यांत उर्दू ऐकू येते, आणि गुजराती पेढ्यांचे व्यवहारही जुने आहेत. १९५६ पर्यंतच्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती व हिंदीच्या जोडीने मराठीलाही तेथे राजभाषेचा मान होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि निमाड मध्यप्रदेशातच राहिला. सीमेची रेघ सरकली. घरातली भाषा मात्र जागची हलली नाही. दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहणाऱ्या अशा गावास दोन्हीकडचे हसू कळते. कोकणी आणि मराठी अशा दोन अंगणांत वाढलेल्या आमच्या वाचकांस हे निराळे समजावून सांगावयास नको.

बऱ्हाणपूर म्हटले की इतिहासप्रेमी माणसास मुमताजमहालाचा मृत्यू आठवतो. १६३१ साली ती येथेच निवर्तली आणि तापीपलीकडील जैनाबादच्या बागेत तिचे शव काही काळ ठेवलेले होते. ती करुणकथा सर्वश्रुत आहे. त्याच जैनाबादेत पुढे वीस-बावीस वर्षांनी तिच्या मुलाची जी फजिती झाली, ती मात्र कमी सांगितली जाते. औरंगजेब दुसऱ्यांदा दक्षिणेचा सुभेदार होऊन आला तेव्हाची ही हकीकत ‘मआसिर-उल्-उमरा’ या ग्रंथात आली आहे. मावशीच्या परिवारातील हिराबाई नावाच्या गायिकेने शहजाद्याची भीड न बाळगता उडी मारून झाडाचा आंबा तोडला, आणि हा व्रतस्थ, नमाजी पुरुष जागच्या जागी घायाळ झाला. पुढे तिने मद्याचा पेला त्याच्या हाती दिला. त्याने आढेवेढे घेतले, अखेर पेला ओठांशी नेला. तोच तिने तो हिसकावून स्वतः पिऊन टाकला. तिला त्याच्या प्रेमाची परीक्षा पाहावयाची होती, त्याचे व्रत मोडावयाचे नव्हते. यातील किती भाग घडलेला आणि किती रचलेला, हे इतिहासकारांनी ठरवावे. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे की, लोकांनी ही गोष्ट जपून ठेवली. कडक नेमाच्या माणसाचा नेम प्रेमापुढे डळमळतो, हे पाहण्यात लोकांस शेकडो वर्षे गोडी वाटत आली आहे. त्या हसण्यात द्वेष नसतो; ‘हाही आपल्यातलाच’ असा दिलासा असतो.

देवळाशी नाते असलेल्या आम्हां लोकांस तर हे हसू परके नाहीच. गौळणीतला पेंद्या श्रीकृष्णाचा सवंगडी, आणि गोपींची वाट अडविण्यात तोच पुढे. त्याच्या बोबड्या बोलांना आणि मावशीच्या फणकाऱ्याला हसणारा प्रेक्षक पुढल्याच क्षणी हात जोडतो. गोव्यात जत्रेच्या रात्री देवळापुढच्या मांडवात मराठी नाटके होतात, काल्याच्या रात्री दशावतारी खेळ रंगतो आणि त्यातला संकासूर गावातल्या प्रतिष्ठितांचीही टोपी उडवितो. देवासमोर हसणे म्हणजे देवाचा उपमर्द, असे आपल्या पूर्वजांनी कधी मानले नाही. तेव्हा देवळाच्या मंडळींनी प्रेमविनोदाच्या चित्रपटांचा विचार करावा, यात वावगे काहीच नाही.

मांडवातून ही कथा नाट्यगृहात आली तेव्हा तिला एक नवे काम मिळाले. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘शारदा’ नाटक १८९९ साली प्रथम इंदुरास झाले, म्हणजे आमच्या निमाडाच्या शेजारीच. पैशाच्या लोभाने म्हाताऱ्या भुजंगनाथास विकली जाणारी मुलगी, हा विषय डोळ्यांत पाणी आणणारा. परंतु देवलांनी भुजंगनाथाच्या बाशिंगाला आणि भद्रेश्वर दीक्षिताच्या मध्यस्थीला लोकांस मनसोक्त हसविले. ज्याला लोक हसले, त्याला पुन्हा मान देणे कठीण जाते. घरातील वडीलधाऱ्यांसमोर जे बोलण्याची सोय नव्हती, ते ‘नाटकात असे झाले’ या आडोशाने बोलता येऊ लागले. मुलीची संमती हा विषय अशा रीतीने ओटीवर आला.

देवलांचेच ‘संशयकल्लोळ’ १९१६ साली गंधर्व मंडळीने संगीत रूपात रंगभूमीवर आणले. त्याचे मूळ मोलियेर या फ्रेंच नाटककाराच्या १६६० सालच्या प्रहसनात असून ते इंग्रजी वाटेने आपल्याकडे आले. पण आश्विनशेट, रेवती, कृत्तिका, फाल्गुनराव अशी पंचांगातली नावे लेवून ते असे घरचे झाले की त्याचे परकेपण कोणाच्या मनात राहिले नाही. एका तसबिरीवरून चार जणांनी एकमेकांचा संशय घ्यावा आणि सत्य फक्त प्रेक्षकांस ठाऊक असावे, या रचनेत प्रेक्षक हा जणू पाचवा पात्र होऊन बसतो.

याच सुमारास सातपुड्याच्या दक्षिणेस, बऱ्हाणपुराहून फार दूर नसलेल्या जळगाव-जामोद येथे वकिली करणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर मराठी विनोदाचा पाया घालीत होते. त्यांच्या ‘मूकनायका’त नायक मुक्याचे सोंग घेऊन प्रेम जिंकतो. परंतु त्यांची खरी देणगी ‘सुदाम्याचे पोहे’. सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या या तिघा स्नेह्यांच्या गप्पांतून त्यांनी समाजाच्या वेडगळ रूढींची थट्टा केली. मित्रांनी एकत्र बसून, हसत हसत, आपल्याच घरातील गोष्टींचा निवाडा करावा, हा नमुना मराठीला तेथे मिळाला. कोल्हटकरांना गुरू मानणारे गडकरी आणि गडकऱ्यांना गुरू मानणारे अत्रे, अशी ही परंपरा सरळ चित्रपटापर्यंत पोचते.

१९३८ साली हंस पिक्चर्सने अत्र्यांच्या लेखणीतून उतरलेला आणि मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेला ‘ब्रह्मचारी’ पडद्यावर आणला. औदुंबर नावाचा तरुण एक व्याख्यान ऐकून आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेतो, आश्रमात दाखल होतो, आणि किशोरीच्या येण्याने त्याची शपथ ढासळू लागते. जैनाबादच्या बागेतील तीच जुनी गोष्ट! मीनाक्षीबाईंच्या पोहण्याच्या पोशाखावरून तेव्हा केवढे वादळ उठले, हे सर्वश्रुत आहे. पण त्या वादळाच्या आत दुसराही वाद होता. संयम कोणता आणि ढोंग कोणते? देशसेवेसाठी संसार टाकावाच लागतो काय? असल्या प्रश्नांवर तरुणांनी वाद घालावा असा तो काळच होता. हा चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. त्यामुळे बऱ्हाणपुरासारख्या गावातल्या मराठी आणि हिंदी बोलणाऱ्या दोन मित्रांस एकाच कथेवर आपापल्या भाषेत भांडण्याची सोय झाली.

पुढची वाट आम्ही थोडक्यात सांगतो. १९४० साली चिं. वि. जोशींच्या चिमणराव-गुंड्याभाऊंनी ‘लग्न पाहावे करून’ मध्ये लग्न जमविण्याचा खटाटोप पडद्यावर आणला. १९५२ च्या राजा परांजपे यांच्या ‘लाखाची गोष्ट’ मध्ये महिन्याभरात लाख रुपये खर्च करून दाखविण्याच्या अटीवर प्रेमाची कसोटी लागते. १९५३ साली पु. ल. देशपांडे यांनी ‘गुळाचा गणपती’ मध्ये कथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि भोळा नायक हे सारे स्वतः पेलले. कोकणीतही पहिला चित्रपट प्रेमाच्याच नावाने निघाला : ‘मोगाचो आंवडो’, साल १९५०. गोवा मुक्त झाल्यावर १९६३ साली आलेल्या ‘आमचें नशीब’ या चित्रपटाने तियात्राच्या रंगमंचावरील नट आणि त्यांचे हसू पडद्यावर नेले. भाषा निराळी, प्रार्थनामंदिरही कित्येकदा निराळे. हसण्याची जागा एकच.

आता पुन्हा निमाडात येऊ. बऱ्हाणपूर २००३ साली स्वतंत्र जिल्हा झाले. तोवर ते पूर्व निमाड जिल्ह्यात होते आणि जिल्ह्याचे ठाणे खंडवा होते. एकाच लोहमार्गावरील ही दोन गावे. खंडव्यास कुंजलाल गांगुली हे बंगाली वकील राहत असत. त्यांचे अशोककुमार, अनूपकुमार आणि किशोरकुमार हे तिघे पुत्र १९५८ साली ‘चलती का नाम गाडी’ या चित्रपटात तीन भाऊ होऊन एकत्र आले. मोटारी दुरुस्त करणारे ते तिघे. त्यातील वडील भावास स्त्रीजातीचा तिटकारा आणि धाकट्यांनाही तीच शिस्त. एका पावसाळी रात्री बिघडलेली गाडी घेऊन मधुबाला येते आणि त्या घराचा नियम संपतो. पुन्हा तेच व्रत आणि तोच व्रतभंग! किशोरकुमार पुढे रंगमंचावर स्वतःला अभिमानाने खंडवेवाला म्हणवून घेत. १९८७ साली त्यांचे अंत्यसंस्कारही खंडव्यासच झाले. आपल्या जिल्ह्यातल्या तीन मुलांनी साऱ्या देशास हसविले, हा अभिमान बऱ्हाणपूरकरांचाही आहे.

१९६८ च्या ‘पडोसन’ मध्ये किशोरकुमारांनी मित्रांच्या टोळक्याचा गुरू रंगविला. भोळ्या नायकाचे प्रेम जुळावे म्हणून ही टोळी युक्त्या लढविते, पडद्याआडून गाते, सोंगे घेते. संस्कृत नाटकातला विदूषक येथे एकटा न राहता त्याची मंडळीच झाली आहे. मात्र येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. खिडकीतून टेहळणी करणे, फसवून मन वळविणे, नकारास होकार समजणे, यांनाही अशा कथांनी पुष्कळदा गंमत म्हणून खपविले. नाट्यगृहातले हसू घराबाहेर पडले की एखाद्या मुलीस ते जाच होऊ शकते. हे बजावणार कोण? परीक्षकाची लेखणी सर्वांपर्यंत पोचत नाही. हे काम शेजारी बसून चित्रपट पाहिलेल्या मैत्रिणीचे वा मित्राचे आहे. ‘तू हसलास, पण ती हसली असती काय?’ एवढे विचारणारे कोणी शेजारी असले म्हणजे पुरे.

सई परांजपे यांच्या १९८१ च्या ‘चश्मे बद्दूर’ ने हेच मित्रमंडळ कथेच्या मध्यावर आणून बसविले. एका खोलीत राहणाऱ्या तिघा मित्रांपैकी दोघे आपल्या फसलेल्या प्रयत्नांच्या चित्रपटी थाटात थापा मारतात. तिसरा खरोखर प्रेमात पडतो तेव्हा त्या थापा त्याच्या सुखावर उलटतात. मैत्रीतले हसू तारते तसे मारतेही, हे इतक्या हलक्या हाताने क्वचितच कोणी दाखविले असेल. आणि १९८८ च्या सचिन यांच्या ‘अशी ही बनवाबनवी’ विषयी काय लिहावे? भाड्याच्या जागेसाठी दोघे मित्र लुगडी नेसतात. गंधर्व मंडळीत बालगंधर्व रेवती होत, त्या कलेचीच ही लाडकी नात म्हणावी. हा चित्रपट अनेकांनी इतक्या वेळा एकत्र पाहिला आहे की एकाने संवाद उचलावा आणि दुसऱ्याने पुरा करावा, हा आता घरोघरचा खेळ होऊन बसला आहे.

आज हाच चित्रपट प्रत्येकाच्या तळहातावर येतो. एकाच घरात चौघे चार कोपऱ्यांत, कानाला यंत्र लावून, चार निरनिराळ्या कथांना हसतात. यात सोय आहे, आणि सोयीची निंदा आम्ही करीत नाही. परंतु एकट्याच्या हसण्याला कोणी हटकत नाही. आजीला जे रुचले नाही ते नातीला कळत नाही. नातीला ज्या प्रसंगाची चीड आली तिचे कारण मामांच्या कानी जात नाही. ज्या विषयावर समोरासमोर बोलणे जड जाते, तो लग्नाचा, निवडीचा, होकार-नकाराचा विषय शंभराहून अधिक वर्षे या कथांच्या आडोशाने बोलला गेला. आडोसाच गेला तर ते बोलणेही जाईल आणि उरेल केवळ मौन किंवा भांडण.

म्हणून आमची वाचकांस एक साधी विनंती आहे. उत्सवात आपण कीर्तन ठेवतो, नाटक ठेवतो. तसाच एखाद्या सायंकाळी देवळाच्या सभागृहात हसरा, निर्मळ प्रेमाचा एक चित्रपट लावावा. मराठी लावावा, कोकणी लावावा. बऱ्हाणपूरकरांनी खुशाल खंडव्याच्या तिघा भावांचा लावावा. आजोबांनी नातवाशेजारी बसावे. आणि चित्रपट संपताच चपला शोधण्याची घाई न करता प्रसादाच्या द्रोणाबरोबर अर्धा तास बोलावे : कोण चुकले, कोणी कोणाचे मन जाणले, आणि आपल्या घरात असे झाले असते तर आपण काय केले असते. भरतमुनींनी हास्याला शृंगाराचे अपत्य म्हटले खरे. पण त्या अपत्याचे संगोपन मेळ्यानेच करावयाचे असते.