मोडशी, मीठ आणि पाणी

गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात एका भयंकर रोगाचे वर्णन केले आहे. त्या रोगास तेथील लोक जे नाव देत तेही त्याने टिपून ठेवले. आपली ‘मोडशी’ ती हीच. पुढे तिला पटकी हे नाव रूढ झाले आणि तिच्या भयाने गावोगावी जरीमरीची पूजा होऊ लागली. परंतु हा रोग माणसास मारतो तो नेमका कशाने, हे कळण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

१८३१ साली ही साथ इंग्लंडात पोहोचली. विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टराने रोग्यांचे रक्त तपासले, तेव्हा त्यातील पाणी व क्षार मोठ्या प्रमाणात नाहीसे झाल्याचे त्यास आढळले. जे गेले ते परत घालावे, हा त्याचा निष्कर्ष होता. १८३२ साली टॉमस लाटा याने रोग्यांच्या शिरांत क्षारयुक्त पाणी सोडले, आणि मरणोन्मुख माणसे काही काळ तरी शुद्धीवर आली. तथापि लाटा लवकरच वारला आणि हा उपाय मागे पडला. ओशॉनेसी १८३३ साली कलकत्त्यास आला. हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे विणणारा तो हाच. तारखात्यात नोकरी केलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांस हे नाव परिचित असेल; त्याचे पहिले कार्य मात्र फारच थोड्यांस ठाऊक आहे.

मधल्या काळात रोग्याचे रक्त काढण्याचे व त्यास जुलाब देण्याचे उपचार चालूच होते. पाण्याने उलटी वाढते या समजुतीने तहानेने तळमळणाऱ्या रोग्यास अनेक ठिकाणी घोटभर पाणीही नाकारले जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी लिओनार्ड रॉजर्स याने कलकत्त्यात शिरेतून क्षारजल देण्याची पद्धत सुधारली व मृत्यूचे प्रमाण बरेच खाली आणले. पण त्यासाठी रुग्णालय, सुई आणि निर्जंतुक पाण्याच्या बाटल्या लागत, आणि साथ तर जेथे यांपैकी काहीच नाही तेथेच येई.

कलकत्त्याचे हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ साली मीठ व ग्लुकोज घातलेले पाणी तोंडाने देऊन रोगी बरे केले. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. नंतर शास्त्रज्ञांनी त्याचे कारण शोधले. साखर आतड्याच्या भिंतीतून आत शिरताना मिठास बरोबर नेते आणि त्यांच्या मागोमाग पाणी जाते. पटकीतही ही वाट बंद होत नाही. १९६८ साली डाक्का येथे हे रोग्यांवर सिद्ध झाले. तरीही असे पाणी अशिक्षितांच्या हाती सोपविण्यास तज्ज्ञ कचरत होते.

ती कसोटी १९७१ साली बनगाव येथे लागली. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांत पटकी पसरली होती, रोगी जमिनीवर दाटीने पडले होते, आणि शिरेतून द्यावयाचे क्षारजल संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ व अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा हे प्रमाण ठरविले, पिंपे भरून ठेवली आणि रोग्यांच्या आया-बहिणींस पेले भरभरून पाजावयास सांगितले. मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते, ते ३.६ टक्क्यांवर आले.

ओशॉनेसीपासून बनगावपर्यंत १४० वर्षे लोटली. या अवधीत मीठ दुर्मिळ नव्हते, साखर दुर्मिळ नव्हती. शास्त्राचे अज्ञान हे विलंबाचे एक कारण खरेच. पण ज्ञान हाती आल्यावरही सामान्य माणसावर विश्वास टाकण्यास जो विलंब झाला, त्याचे काय? परिपूर्ण साधने येईपर्यंत प्रकरण थांबवून ठेवण्याची सवय आपणा सरकारी नोकरांस अपरिचित नाही. बनगावात ती पाळली असती तर किती घरे बुडाली असती, याचा हिशेब करवत नाही.

महालनबीस २०२२ साली निवर्तले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. त्यांचे मिश्रण आज काहीशा बदललेल्या प्रमाणात गावोगावच्या औषधांच्या दुकानांत पुडीतून मिळते. ती पुडी पाण्यात ढवळून लेकरास पाजणाऱ्या आईला हा इतिहास ठाऊक नसतो; आणि तिचे त्यावाचून काही अडतही नाही.