सूत्रधार कोठे उभा राहतो? मावळातील गोंधळ आणि मराठी नाटकाची परिभाषा

मळवली स्टेशनच्या दोन बाजूंना, लोणावळ्यापासून जवळच, भाजे आणि कार्ले ही लेणी आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या भाजे येथील विहाराच्या शिल्पांत नाचणारी स्त्री आणि वादक दिसतात. तेथील तालवाद्याला काही अभ्यासक तबल्याचे पूर्वरूप मानतात. तो दावा बाजूला ठेवला, तरी नृत्य आणि वाद्य यांची संगत या भागात किती जुनी आहे, हे या शिल्पातून स्पष्ट होते. वाद्यांचे हे महत्त्व संस्कृत नाट्यशास्त्रातही दिसते: त्यात कथानकापूर्वीच्या विधींना पूर्वरंग म्हटले असून त्याची सुरुवात वाद्ये यथास्थान मांडण्यापासून, म्हणजे प्रत्याहारापासून होते; पुढे गायक आपापल्या जागी बसतात, ते अवतरण; आणि देवतांची स्तुती व प्रेक्षकांसाठी आशीर्वाद मागणारी नांदी याच पूर्वरंगाचे अंग असते.

कार्ल्याच्या चैत्यगृहासमोरच एकवीरेचे देऊळ असून ती अनेक कोळी आणि कायस्थ प्रभू घराण्यांची कुलदेवता आहे. लग्नकार्यानंतर कुलदेवतेचा गोंधळ घालण्याच्या चालीत पूर्वरंगाचाच क्रम वेगळ्या नावांनी आढळतो: धान्याचा चौक मांडून त्यावर कलश ठेवतात, दिवटी पेटवतात, संबळ आणि तुणतुण्याच्या साथीने गण, म्हणजे गणपतीचे स्तवन, होतो, गावोगावच्या देवतांना नावानिशी आवाहन केले जाते आणि त्यानंतरच आख्यान, अर्थात कथाभाग, उभा राहतो. या साम्यावरून गोंधळ संस्कृत रंगभूमीतून उतरला असे म्हणणे घाईचे ठरेल. जागा, वाद्ये आणि देवता यांची व्यवस्था लावल्याशिवाय कथेला हात न घालण्याची गरज दोन्ही परंपरांना स्वतंत्रपणे भासली असणे अधिक संभवनीय आहे.

सूत्रधार या संज्ञेचा उलगडा मात्र गोंधळाकडे पाहिल्याशिवाय पुरा होत नाही. संस्कृत नाटकात प्रस्तावना, म्हणजे नाटक व नाटककार यांची ओळख करून देणारा संवाद, संपताच सूत्रधार निघून जातो. गोंधळातील नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी, तसा जात नाही. तो शेवटपर्यंत उभा राहून गातो, निरूपण करतो आणि साथीदाराच्या प्रश्नांना उत्तरे देत कथा पुढे नेतो. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हा त्यांचा सूत्रधारही पदे गात रंगभूमीवरच राहिला आणि पात्रांनी त्या पदांच्या अनुरोधाने आयत्या वेळी भाषणे केली. म्हणून पाठ्यपुस्तकांत सूत्रधाराची केवळ संस्कृत व्याख्या देऊन थांबणे हा मराठी रंगभूमीवर अन्याय आहे.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त 1880 मध्ये पात्रे स्वतःची पदे स्वतः गाऊ लागली आणि सूत्रधाराचे काम पुन्हा प्रस्तावनेपुरते आक्रसले; पुढे 1972 मध्ये पुण्यात रंगभूमीवर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाने, गणपतीच्या स्तवनापासून आरंभ करून, सूत्रधाराला पुन्हा नाटकभर प्रेक्षकांसमोर ठेवले.