शेक देणारे डॉक्टर कुठे भेटतात?



मागच्या वर्षी आमच्या बचत गटातल्या एका काकूंना गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन नको, शेक द्यावे लागतील." शेक म्हणजे किरणांचे उपचार. कुणी त्याला 'लाईट' म्हणतं. काकूंचा मुलगा कागद घेऊन तालुक्याला गेला आणि 'रेडिओलॉजी' अशी पाटी बघून आत शिरला. तिथे सोनोग्राफी होत होती, शेक नव्हते. मग दुसरीकडे, मग तिसरीकडे. योग्य डॉक्टर सापडेपर्यंत तीन आठवडे गेले. मुलाला बोल लावून उपयोग नाही, हा फरक आम्हालाही ठाऊक नव्हता. म्हणून आम्ही या उपचाराचा इतिहास शोधला. तोच आज सांगतो.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत विल्हेल्म राँटगेन यांना एक न दिसणारा किरण सापडला. त्याचं नाव एक्स-रे. काही आठवड्यांनी त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचा फोटो काढला, तर त्यात हाडं दिसली आणि बोटातली अंगठी दिसली. १८९८ मध्ये पॅरिसमध्ये मेरी क्युरी आणि त्यांचे पती पिएर यांनी रेडियम शोधलं. रेडियममधून आपोआप किरण निघतात. रेडियमची कुपी खिशात ठेवणाऱ्या एका शास्त्रज्ञाची कातडी भाजली. जे कातडी जाळतं ते गाठही जाळेल, हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं. १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या मार्गारेट क्लीव्ह्ज या स्त्री-डॉक्टरांनी गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवर रेडियम आतून लावून पाहिलं. काकूंना आतून दिलेल्या शेकाची सुरुवात अशी सव्वाशे वर्षांपूर्वी झाली.

पण त्या काळी किरण किती द्यायचे हे कुणालाच नीट कळत नव्हतं. एकदम जास्त दिले की रोग्याचं अंग भाजायचं, आणि देणारेही आजारी पडायचे. मेरी क्युरी १९३४ मध्ये रक्ताच्या आजाराने गेल्या. आयुष्यभर किरणांजवळ काम केल्याचा तो परिणाम मानतात.

१९२० च्या दशकात पॅरिसच्या डॉक्टरांनी मार्ग काढला. एकदम मोठा शेक न देता रोज थोडा थोडा, कित्येक आठवडे द्यायचा. मधल्या वेळेत चांगलं मांस सावरतं, कॅन्सरच्या पेशींना तितकं सावरता येत नाही. रोज दवाखान्यात का बोलावतात, याचं उत्तर हे आहे. बाया विचारतात, "एकदाच देऊन टाका ना, रोज एस.टी.चं भाडं कुठून आणू?" एकदाच देऊन पाहिलेलं आहे, मैत्रिणींनो. त्याने अंग भाजलं.

आता आपल्या देशाकडे येऊ. १९३१ मध्ये मेहरबाई टाटा रक्ताच्या कॅन्सरने वेल्समध्ये, परक्या मुलखात गेल्या. एवढं श्रीमंत घर, तरी उपचारांसाठी सातासमुद्रापार जावं लागलं. असं इस्पितळ आपल्याकडे व्हावं, ही त्यांचे पती दोराबजी यांची इच्छा होती. तेही वर्षभरात गेले, पण त्यांच्या नावाच्या ट्रस्टने काम पुरं केलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल उघडलं. तिकडे मद्रासमध्ये डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची धाकटी बहीण कॅन्सरने गेली होती. त्यांनी १९५४ मध्ये अड्यारला कॅन्सरचं इस्पितळ उभं केलं. त्याच दशकात तिथे कॅनडाहून कोबाल्टचं यंत्र आलं. पुढे आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने देशी यंत्र घडवलं, त्याचं नाव भाभाट्रॉन. सोलापूर जिल्ह्यात बार्शीलाही नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर इस्पितळ झालं. १९८७ पासून बार्शी भागातल्या खेड्यांतल्या कॅन्सरची नोंदही तिथे होऊ लागली.

पाटीचा घोळ का होतो, तेही या इतिहासातूनच कळलं. पूर्वी फोटो काढणं आणि शेक देणं ही दोन्ही कामं एकाच विभागात होती. नंतर वाटा वेगळ्या झाल्या. एक्स-रे, सोनोग्राफी वाचतात ते रेडिओलॉजिस्ट. शेक देतात ते रेडिएशन ऑन्कोलॉजिस्ट. त्यांची पदवी एम.डी. किंवा डी.एन.बी. असते, आणि पुढे 'रेडिओथेरपी' किंवा 'रेडिएशन ऑन्कोलॉजी' लिहिलेलं असतं. त्यांच्यासोबत किरणांचा हिशेब करणारे फिजिसिस्ट आणि यंत्र चालवणारे तंत्रज्ञ लागतात. यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. म्हणून हा उपचार गल्लीतल्या दवाखान्यात होत नाही.

तेव्हा कुणाला शेक सांगितले, तर तपासणाऱ्या डॉक्टरांकडूनच चिठ्ठीवर इस्पितळाचं नाव आणि विभाग लिहून घ्या. तिथे गेल्यावर विचारा: किती शेक, किती आठवडे? आतून देण्याची सोय इथेच आहे, की दुसरीकडे जावं लागेल? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का? योजनेच्या इस्पितळात आरोग्यमित्र बसतात, त्यांना रेशनकार्ड आणि आधार दाखवा. राहायची सोयही विचारा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सरच्या रोग्यांनी आणि नातेवाइकांनी कित्येक वर्षं आसरा घेतला आहे.

आणि सुरू केलेले शेक मध्येच सोडू नका. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरला बाहेरून साधारण पाच आठवडे शेक देतात, मग आतून काही वेळा. सगळं मिळून आठ आठवड्यांच्या आत पुरं व्हावं, असं डॉक्टर सांगतात. पेरणी आली, घरात लग्न निघालं, भाड्याला पैसे नाहीत, म्हणून खाडा झाला की रोगाला सावरायला वेळ मिळतो.

काकूंच्या वेळी आम्ही गटाच्या बैठकीत ठराव केला. भाड्यासाठी बिनव्याजी कर्ज, आणि पाळीपाळीने एकीने सोबत जायचं. शेवटच्या आठवड्यात काकू म्हणाल्या, "आता खाडा करावासा वाटला तरी तुम्ही करू द्यायच्या नाहीत." त्यांचे सगळे शेक पुरे झाले. आता तपासणीच्या तारखा आम्ही गटाच्या वहीतच लिहून ठेवतो.

तुमच्या गटाच्या वहीतही एक पान यासाठी राखा.