आयात लाकडी पेलेटचे हरितगृह वायू उत्सर्जन

लाकडाचा भुसा वाळवून व उच्च दाबाखाली घडवून केलेल्या, साधारणतः ६ ते ८ मिमी. व्यासाच्या इंधनकांड्यांना लाकडी पेलेट म्हणतात. इंग्लंडमधील नॉर्थ यॉर्कशर येथील ड्रॅक्स वीजकेंद्राने २०१३ ते २०१८ या काळात सहापैकी चार संच कोळशावरून पेलेटवर आणले. हे इंधन मुख्यतः अमेरिकेच्या आग्नेय राज्यांतून जहाजाने येते.

उत्सर्जनाचे टप्पे : वृक्षतोड, लाकूड वाळवणे, दळणे व वाहतूक यांत जीवाश्म इंधन खर्ची पडते, ओल्या भुशाच्या ढिगांतून मिथेन सुटू शकतो. तथापि सर्वांत मोठा वाटा ज्वलनाचा असतो. दर युनिट विजेमागे धुराड्यातून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड कोळशाइतका किंवा त्याहून अधिक असतो.

हिशेबाची पद्धत : आंतरराष्ट्रीय नियमांनुसार हा कार्बन तोड झालेल्या देशाच्या भूवापर क्षेत्रात मोजतात, जाळणाऱ्या देशाच्या ऊर्जा क्षेत्रात तो शून्य धरला जातो. त्यामुळे ब्रिटनच्या खात्यात त्याची मोजणी होत नाही.

कार्बनची परतफेड : डेव्हिड मकाय व ॲना स्टीफन्सन यांच्या २०१४ च्या ब्रिटिश सरकारी अहवालानुसार परिणाम लाकडाच्या स्रोतावर ठरतो. एरवी जागेवरच जाळला जाणारा पालापाचोळा व फांद्या वापरल्यास उत्सर्जन कमी राहते. नैसर्गिक वनांत जादा तोड केल्यास ते कोळशापेक्षाही वाढू शकते. झाड मिनिटांत जळते, त्याची भरपाई व्हायला दशके लागतात. म्हणून सरसकट ‘कार्बन-तटस्थ’ हा शिक्का दिशाभूल करणारा आहे.